बारा इंच ढिल्ला

कुंदाबाईच्या हातचा ब्लाउज घालून बाईनं आंबे तोडावेत, माळ्यावरची पोती खाली ओढावीत, नाहीतर लग्नात हात वर करून नाचावं. ब्लाउज जागचा सुतभर हलायचा नाही. सारी करामत मुंढ्यात होती. बाही अंगाला जिथे जोडतात तो मुंढा कुंदाबाईसारखा कापणारं सौंदडला दुसरं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट लोकांच्या आधी कुंदाबाईच सांगून मोकळी होत असे. तीस वर्षं ती मशीनवर बसत आली होती. नवरीचे ब्लाउज तिच्याकडे, नवरीच्या आईचे तिच्याकडे, आणि त्याच लग्नात येऊन नाक मुरडणाऱ्या आत्याबाईंचेही तिच्याकडेच. बाई दारात उभी राहिली की कुंदाबाई तिला एकदा वरून खाली पाही आणि छाती-कंबर सांगून टाकी. टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

सैल कपडा तिला बघवत नसे. सैल शिवणं म्हणजे शिवणाऱ्याला माप कळलं नाही, असं तिचं ठाम मत. कोणी थोडा ढिल्ला ठेवा म्हणालं तर ती मान डोलवायची आणि तिला हवा तसाच शिवायची. गिऱ्हाईक घालून बघायचं, आरशात हरखायचं आणि विषय संपायचा.

न संपणारा विषय एकच होता, आणि तो घरातलाच होता. तिची एकुलती एक लेक गुंजन तिच्या हातचं काही घालत नव्हती.

गुंजन नागपूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला होती. सहा वर्षं झाली. सणासुदीला घरी आली की कुंदाबाई तिच्यासाठी काहीतरी शिवून ठेवलेलं पुढे करी, ती "छान झाला, आई" म्हणून बॅगेत ठेवी, आणि पुढच्या वेळी पुन्हा कुठलातरी बाजारातला ढगळ टीशर्ट घालून येई. फेब्रुवारीत एका लग्नासाठी कुंदाबाई नागपूरला गेली आणि लेकीच्या खोलीवर उतरली. टॉवेल शोधायला तिनं आलमारी उघडली, तर खालच्या कप्प्यात सात कुर्ते एकावर एक. सातही तिच्याच हातचे. इस्त्रीच्या घड्या तिनं घातल्या होत्या तशाच होत्या. एकाची तर टाचणीसुद्धा निघाली नव्हती. फेकले नव्हते, कोणाला दिले नव्हते, मधे डांबराच्या गोळ्या ठेवून जपले होते. ते जपणंच कुंदाबाईला लागलं. टाकून दिले असते तर भांडता तरी आलं असतं. तिनं आलमारी लावली, ओल्या अंगानंच साडी नेसली आणि लग्नाला निघाली.

म्हणून एप्रिलमध्ये गुंजनचा फोन आला आणि तिनं एक टॉप शिवून देशील का, उन्हाळ्याचा, ढिल्ला, असं विचारलं, तेव्हा कुंदाबाईच्या हातातली कैची कापडातच थांबली. सहा वर्षांत पहिल्यांदा पोरीनं आपल्या तोंडानं मागितलं होतं. नमुना तिनं मोबाइलवर पाठवला होता. केरळात कोणी एक बाई होती, ना तिची कंपनी ना कारखाना; घरातल्या टेबलावर स्वतः नमुने आखायची आणि लोकांना विकायची. घेणाऱ्यानं ते कागदावर छापायचे, पानं जोडायची, कापडावर ठेवून कापायचं. सोबत त्या बाईचा फोटोही होता. केस पिकलेले, अंगणात उभी, आणि अंगातल्या टॉपमध्ये वारं भरलेलं. कापड गुंजननं नागपुरातून एका ओळखीच्या माणसाबरोबर धाडलं होतं, फिक्या निळ्या रंगाचं, हातमागाचं, हाताखालून निसटून जाईल इतकं मऊ. मोजून दोन मीटर.

"फक्त एक ऐक," गुंजन शेवटी म्हणाली, "नमुन्यात आहे तसंच शिव. आपल्या मनचं काही नोको करू."

कुंदाबाई हो म्हणाली. हो म्हणताना ती खोटं बोलत नव्हती, हे तिच्या बाजूनं आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नमुना छापायला ती प्रफुलच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. सातबारा आणि पीकविम्याचे अर्ज छापण्यात जन्म गेलेल्या प्रफुलला हे काय प्रकरण आहे ते कळेना, पण अठरा पानं निघाली. पहिल्या पानावर एक चौकोन होता. तो बरोबर चार इंच भरला तरच बाकीची पानं खरी, असं त्या केरळच्या बाईनं लिहून ठेवलं होतं. कुंदाबाईनं तिथेच गळ्यातला टेप लावला. चौकोन दोन सूत कमी भरला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. प्रफुलच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसलेली वस्तू. दोन सुतानं काय होते जी काकू, असं तो म्हणाला.

"दोन सुतानं बाईचा जीव घुसमटते, बाबू. पुन्हा छाप."

त्यानं कॉम्प्युटरात काहीतरी खटपट केली, अठरा पानं पुन्हा काढली, आणि चौकोन चाराला चार भरला. कुंदाबाई समाधानानं घरी आली. ओसरी पुसून तिनं पानं मांडली, कडा कापल्या, खुणेला खूण जुळवून डिंकानं चिकटवली. कूलरच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर पाट, वरवंटा आणि नवऱ्याच्या चष्म्याची डबी ठेवली. नवरा केवळराम शेतावरून पाणी बघून आला तो दारातच थांबला आणि हा कोणत्या तलावाचा नकाशा आहे असं त्यानं विचारलं. त्याच्या घराण्यात कोणीतरी कधीकाळी गावची बोडी, म्हणजे छोटं तळं, खोदली होती. तेव्हापासून त्या घरातल्या पुरुषांना जमिनीवर पसरलेल्या कुठल्याही कागदात बोडीची पाळच दिसते.

मग कुंदाबाईनं जोडलेल्या कागदावर टेप धरला, आणि घोटाळा तिथे झाला. छातीचा घेर सेहेचाळीस इंच. गुंजनची छाती चौतीस. तिनं पुन्हा मोजलं. चौकोन पुन्हा मोजला. चार म्हणजे चार. मापांचा तक्ता पाहिला, अक्षरं इंग्रजी असली तरी आकडे स्पष्ट होते. अंग चौतीस तर कपडा सेहेचाळीस. बारा इंच ढिल्ला. मुंढा तर नव्हताच. झाडाला फांदी फुटावी तशी बाही अंगातूनच फुटलेली. कपडा अंगाला बसवणारे टक्स नाहीत, चेन नाही, कंबर कुठे आहे याचा पत्ता नाही.

दुपारभर ती त्या कागदाभोवती फिरत राहिली. त्या बाईचा हात चुकला म्हणावं, तर चौकोन खरा. तिकडे अशीच पद्धत असेल म्हणावं, तर आपली पोरगी सौंदडची. पोरीनं पहिल्यांदा मागितलं आणि आपण तिला धानाचं पोतं चढवायचं? लॅबमधल्या पोरी विचारतील, हे कोणी शिवलं, आणि ती सांगेल, माझ्या आईनं. गुंजनचं बोलणं तिला आठवत होतं, आठवत नव्हतं असं नाही. पण हे काही मनचं करणं नव्हतं, ही तर दुरुस्ती होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि कुंदाबाई तर चांगली ठणठणीत होती.

तिनं खडू उचलला, दोन्ही बाजू मिळून दहा इंच आत घेतले, सुंदर मुंढा आखला आणि कैची चालवली. पुढे दोन टक्स, मागे दोन, बगलेखाली चेन. सवयीप्रमाणे आत शिलाईची माया, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, ठेवली, इंच-इंच. खिसा नमुन्यात होता, तो सरळ गाळला. बायांच्या कपड्याला खिसा कशाला, हे तिचं जुनंच मत. उरलेल्या कापडाला जोड देऊन शेजारच्या दुर्गेश्वरीच्या दोन महिन्यांच्या तान्हीसाठी दोन झबली काढली. खरं सांगायचं तर टॉप अप्रतिम झाला. इतका सुरेख मुंढा तीस वर्षांत तिच्या हातून उतरला नव्हता.

मेच्या अखेरीस, कडक उन्हाच्या नऊ दिवसांचा नवतपा लागला त्या दिवशी, गुंजन आठ दिवसांसाठी घरी आली. तिनं हातपाय धुतले नाहीत तोच कुंदाबाईनं टॉप पुढे केला. गुंजन आत जाऊन घालून आली आणि आरशासमोर उभी राहिली. टॉप असा बसला होता की केवळरामसुद्धा झकास म्हणाला, आणि त्याला बायकोनं नवी साडी नेसली तर दुसऱ्या दिवशी कळायचं. गुंजननं आरशात पाहिलं. बगलेखालच्या चेनीवरून बोट फिरवलं. खिसा असायला हवा होता तिथे हात नेला आणि परत आणला.

"छान झाला, आई," ती म्हणाली.

मग ती आत गेली, टीशर्ट घालून आली आणि टॉपची घडी घालू लागली. कुंदाबाई दारातून बघत होती. पोरीनं इस्त्रीच्या रेघेवर रेघ बरोबर बसवली, तळहातानं दाबली आणि घडी बॅगेच्या तळाशी सरकवली. हात अगदी सरावलेला होता. सात वेळा केलेलं काम माणसाला आठव्यांदा जमतंच. कपडा चांगला झाला हे तिला माहीत होतं, आणि त्याची घडी आता कधी मोडायची नाही हेही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बोडीखालच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, उन्हाळी धानाची कापणी होती. बाकीचं शेत हार्वेस्टरनं बघता बघता उरकलं होतं, पण ही बांधी ओली, यंत्र रुतायचं, म्हणून हातानं कापायची. कुंदाबाई उजाडताच चार-पाच बाया घेऊन गेली. या भागात बाई शेतात निघाली की साडीवरून नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते. ऊन लागत नाही, धानाचं पातं चिरत नाही, कुसळं टोचत नाहीत. कुंदाबाईचाही एक ठरलेला शर्ट होता, पांढरा, बारीक निळ्या रेघांचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. केवळरामनं तो आठ वर्षांपूर्वी शेवटचा घातला होता आणि अजून अधूनमधून तो त्याची आठवण काढायचा.

दहाच्या सुमारास गुंजन आंबील घेऊन आली. विळे बाजूला ठेवून बाया पळसाखाली बसल्या. कुंदाबाईनं वाटीभर आंबील पिऊन टाकली, शर्टाची दोन्ही टोकं धरून तीन-चारदा हलवली, आणि बोडीवरून आलेलं वारं खालून आत शिरून पाठीवरून फिरलं. तिनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. डोळे उघडले तर गुंजन समोर बसून तिच्याकडे बघत होती. हसत नव्हती, चिडलेलीही नव्हती.

"आई, हा शर्ट तुले बरा वाटते?"

"वाटते तर. हवा खेळते. अंगाले कुठी लागत नाही. दिवसभर वाकून काम करा लागते, याच्यात..."

वाक्य तिथेच राहिलं. तीस वर्षं दुसऱ्यांचं माप घेणारी नजर आपसूक खाली वळली होती. ती नजर कधी मापाला चुकली नव्हती, आज तरी का चुकावी? अंग छत्तीस. शर्ट अठ्ठेचाळीस. कुंदाबाईनं मनातल्या मनात वजाबाकी केली आणि तिला शरम वाटली. साऱ्या गावाला मापात बांधून ही बाई स्वतः बारा इंच ढिल्ल्यात बसली होती.

"म्या दहा इंच कापलं," ती खाली बघत म्हणाली. "मुंढाही काढला. नमुन्यात नव्हता."

"माहीत आहे. नमुना म्याच तर पाठवला होता."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलली होती, आई. फोनवरच बोलली होती."

तेव्हा कुंदाबाईनं फेब्रुवारीपासून दाबून ठेवलेलं बाहेर काढलं: ती आलमारी, ते सात कुर्ते, ती न निघालेली टाचणी. गुंजननं काडीनं मातीत एक रेघ ओढली.

"कपडे लय छान आहेत, आई. पण लॅबमध्ये आठ तास वाकून बसा लागते मले. तुहं शिवलेलं घातलं का दिवसभर तू मागं उभी आहेस असंच वाटते. नीट बस, पाठ सरळ कर, पोट आत घे. कोणाले देतो म्हटलं तर हात होत नाही, आन् घालतो म्हटलं तर जीव होत नाही."

मग सुशीलाबाई, जी वीस वर्षं कुंदाबाईकडेच शिवत आली होती, घसा खाकरून म्हणाली की आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकते: कुंदाबाईच्या ब्लाउजात तिला लग्नाचं जेवण अर्धंच जातं. घरी येऊन, ब्लाउज बदलून ती पुन्हा जेवते. दुसऱ्या दोघींनी माना हलवल्या. म्हणजे गावात ही गोष्ट कुंदाबाई सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

कुंदाबाईला राग यायला हवा होता, आणि सुशीलाबाईचा थोडा आलाही. लेकीचा मात्र येईना. वाईट वाटलं, सरळ वाईट वाटलं. सहा वर्षं पोरगी छान छान म्हणत आपलं ओझं वाहत राहिली, आणि आपण त्या ओझ्याला आपला सुरेख मुंढा समजत राहिलो. ती उठली, विळा घेतला, आणि दुपार होईतो सगळ्यांच्या दुप्पट कापत गेली.

घरी येऊन भाकर खाल्ल्यावर तिनं गुंजनला टॉप बॅगेतून काढायला लावला. पाच मिनिटांत मुंढे उसवले, टक्स उसवले, चेन ओढून बाजूला टाकली. आत ठेवलेली माया सोडवली तर चार इंच निघाले. सहा उणे, आणि मुंढ्यांपाशी दोन मोठ्या खाचा. कापलेलं कापड काही रुसून गेलेल्या माणसासारखं परत येत नाही. उरलेलं कापड झबल्यांत गेलं होतं, म्हणून ती चप्पल घालून शेजारी दुर्गेश्वरीकडे गेली.

तान्ही पाळण्यात झोपली होती, अंगात ते निळं झबलं, मुठी उघड्या, पाय फेकलेले. झबल्याला ना मुंढा ना टक्स; तान्ह्या पोराला कोणी मापात शिवत नाही. दुर्गेश्वरी सांगू लागली की हे घातल्यापासून घामोळ्या बसल्या, पोरगी दुपारची निवांत झोपून राहते. कुंदाबाईची नजर झबल्यावरच आहे हे बघून, काकू, हे तुम्हाला पाहिजे आहे का, असं म्हणून ती गाठी सोडायला वाकलीसुद्धा. कुंदाबाईनं तिचा हात धरला. मी पोरीला बघायला आले होते, असं सांगून ती रिकाम्या हातानं परत आली.

ओसरीत दोरीवर तिचा शेतातला शर्ट लटकत होता. निळ्या कापडाशेजारी त्याच्या निळ्या रेघा तिनं बघितल्या, मग कापड हातात घेऊन शर्टाला लावून बघितलं. शर्ट धुतला, उन्हात टाकला, आणि त्या उन्हात तो वाळायला पाव तासही लागला नाही. केवळराम झोपेतून उठून बाहेर आला तोवर त्याच्या शर्टाची पाठ वेगळी झाली होती. आठ वर्षं मागून राहिलो हा शर्ट, तेव्हा दिला नाही, असं तो पुटपुटला आणि लेकीच्या तोंडाकडे बघून पुढचं गिळून चहा ठेवायला आत गेला.

शिवताना गुंजन शेजारी बसली. मोबाइलवरच्या सूचना ती इंग्रजीत वाचायची आणि आपल्या बोलीत सांगायची, आणि कुंदाबाई सांगितलं तेवढंच करायची. हे लिहायला एक ओळ पुरते, करायला कुंदाबाईला सगळा जीव गोळा करावा लागला. शर्टाच्या पाठीतून दोन लांब कळ्या, म्हणजे निमुळत्या पट्ट्या, निघाल्या, बाहीच्या टोकापासून घेरापर्यंत, दोन्ही कुशींना एकेक. बगलेत चौकोनी तुकड्याचा चौबगला बसवला, म्हणजे हात उचलताना ओढ बसू नये. हे नमुन्यात नव्हतं, पण खाच भरायची होती, आणि यावेळी तिनं आधी विचारलं. गुंजननं होकार दिला तेव्हाच सुई चालली. दोनदा तिचा हात खडूकडे गेला, छातीखाली बारीकसा एक टक्स घालावा म्हणून. दोन्हीदा तिनं तो मांडीवर आणून ठेवला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा गुंजननं खडू उचलून खिडकीत ठेवला, आणि दोघी हसल्या.

शेवटी खिसा राहिला. शर्टाच्या छातीवरचा खिसा केवळरामच्या पेनच्या शाईनं खाली थोडा निळा पडला होता. कुंदाबाई तो उलटा करून लावणार होती; गुंजन म्हणाली राहू दे, तसाच लाव. तिनं तसाच लावला.

गुंजन टॉप घालून बाहेर आली. कुठेच बसला नव्हता. खांद्यावरून सुटला होता तो थेट मांड्यांवर येऊन थांबला होता, मधे अंगाला विचारायच्या भानगडीत पडला नव्हता. कुंदाबाईच्या डोळ्यांना तो टोचला, अगदी खरं सांगायचं तर अजूनही टोचतो. पोरगी मात्र कूलरसमोर उभी राहिली, हात पसरले, आणि त्या केरळच्या बाईसारखं तिच्या टॉपमध्ये वारं भरलं. तिनं खिशात हात घातला. ती छान झाला म्हणाली नाही. ती म्हणाली, "आई, जेवाले वाढ, भूक लागली."

कुंदाबाई वाढता वाढता वाट बघत होती. आता ती आत जाईल, टीशर्ट घालेल, रेघेवर रेघ बसवेल. गुंजननं आमरसाची वाटी ओढली, तिसऱ्या घासाला छातीवर रस सांडला, बोटानं पुसून बोट चाटलं आणि पुढे जेवत राहिली. कुंदाबाई डाग बघत बसली. नव्या कपड्यावर पडलेला डाग बघून तिला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी सुशीलाबाई आली, हातात नवऱ्याचा जुना शर्ट आणि नवं ब्लाउजपीस. शर्टाचा गुंजनसारखाच टॉप शेतात घालायला पाहिजे, आणि भाच्याच्या लग्नासाठी ब्लाउज, असं तिनं सांगितलं, आणि जेवणाचं बोलणं अजून अंगावर येईल का म्हणून जरा दारातच थांबली. कुंदाबाईनं सवयीप्रमाणे तिला वरून खाली पाहिलं. आकडे तिच्या ओठावर आले, ते तिनं आत घेतले आणि गळ्यातला टेप काढला.

"सांगा," ती म्हणाली, "किती ढिल्ला पाहिजे?"

सुशीलाबाईला वीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिला उत्तर ठरवायला बराच वेळ लागला, आणि कुंदाबाई थांबली.

आठव्या दिवशी सकाळच्या गाडीनं गुंजन निघाली. कुंदाबाईनं इस्त्री तापवून ठेवली होती, पण टॉप बॅगेत सापडेना, दोरीवरही नव्हता. गुंजन बाहेर आली तेव्हा तो तिच्या अंगातच होता. त्यातच झोपून उठली होती. पाठीवर हजार चुण्या, छातीवर रसाचा पुसट पिवळा डाग, खिशात केवळरामनं वाटेसाठी दिलेली चिक्की. काढ, दोन मिनिटांत इस्त्री फिरवते, हे कुंदाबाईच्या अगदी तोंडात आलं होतं. चुरगळलेला कपडा तिच्या घरातून तीस वर्षांत बाहेर पडला नव्हता. तिनं जाऊन इस्त्रीचं बटन बंद केलं.

सौंदडच्या स्टेशनावर गाडी फार थांबत नाही. केवळरामनं बॅग डब्यात लोटली, गुंजन मागोमाग चढली, आणि कुंदाबाई खिडकीशी येऊन उभी राहिली. पोहोचल्यावर फोन कर, पाणी पीत जा, हे सगळं सांगून झालं. गुंजननं दोन्ही हात वर करून बॅग वरच्या फळीवर ठेवली. टॉप चांगला चार बोटं वर सरकला, एका बाजूला कलला, आणि हात खाली आल्यावरही तसाच वाकडा राहिला. कुंदाबाईनं ते सगळं पाहिलं आणि खिडकीतून लेकीला हात केला. लेकीच्या अंगावर तिच्या हातचा आठवा कपडा होता, आणि त्याची घडी मोडली होती.